आउटबोर्ड (बोटीच्या मागं लावलेलं इंजिन) फुल रेसला दम देत नाही? आधी बल्ब दाबून बघा

गंगापूर धरणात बोट काढली, थ्रॉटल पूर्ण दिला तरी ती नाक वर करून रेंगाळतेय, तर लगेच कार्बोरेटर खोलू नका. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला की आत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल नीट येत नाही, पाइपवरचा रबरी बल्ब चपटा पडतो, तो आधी बघा. मग दुसऱ्याला हँडल धरायला देऊन फुल थ्रॉटलवर बल्ब दाबत राहा, ताकद आली तर दोष बहुतेक पेट्रोल लाइनीत नाहीतर फ्युएल पंपात. नाही आली तर इंजिन बंद करून पाण्यातल्या पंख्याला (प्रोपेलरला) पाणवेली, तंगूस गुंडाळलीय का बघा, आणि प्लग काढा, एकच ओला-काळा निघाला तर तो सिलिंडर पेटतच नाहीये. लाइफ जॅकेट घालूनच हं हे सगळं.