ताक आणि मोलॅसिसचे घरगुती आइस्क्रीम : या चुका टाळा

ताकाचा हलका आंबटपणा आणि मोलॅसिसचा, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट पाकाचा, काळसर, किंचित कडवट गोडवा एकत्र आला की आइस्क्रीमला जी भरीव चव येते, ती नुसत्या साखरेने आणि दुधाने येत नाही. मात्र हे आइस्क्रीम करताना मिश्रण फाटणे, गोठल्यावर बर्फाचे खडे दाताखाली येणे किंवा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवूनही ते सैलच राहणे, या तीन अडचणी वारंवार उद्भवतात आणि त्यांचा दोष बहुधा यंत्राला दिला जातो. खरे कारण त्याआधीच घडलेले असते. ताक आपल्यासोबत पाणी आणि आम्ल घेऊन येते, तर मोलॅसिस सहजी गोठू न देणारी साखर आणि आणखी थोडे आम्ल घेऊन येते. या दोघांचा हिशेब मिश्रण यंत्रात ओतण्यापूर्वीच जुळवावा लागतो.

पुढचे विवेचन समजण्यासाठी एक प्रमाण समोर असलेले बरे. साधारण एक किलो मिश्रणासाठी 35 टक्के स्निग्धांशाचे क्रीम 400 ग्रॅम, दाट ताक 350 ग्रॅम, पाच अंड्यांतील पिवळा बलक, साखर 120 ग्रॅम, मोलॅसिस 80 ग्रॅम आणि अर्धा छोटा चमचा मीठ घ्यावे. या प्रमाणात स्निग्धांश सुमारे 16 टक्के आणि एकूण साखर सुमारे 17 टक्के पडते, आणि घरच्या फ्रीझरमध्ये चमच्याने काढता येईल इतपत मऊ आइस्क्रीम तयार होण्यासाठी हे गणित योग्य आहे.

पातळ ताक वापरणे

पिण्यासाठी पाणी घालून केलेले ताक येथे चालत नाही. त्यात घातलेले पाणी गोठताना मोकळे बर्फ होते, आणि सुमारे 50 मायक्रॉनपेक्षा मोठे झालेले बर्फाचे कण जिभेला स्पष्ट खरखरीत लागतात. या कामासाठी विरजण लावून आंबवलेले, ओतताना धार जाड पडेल असे दाट ताक हवे. हाताशी पातळ ताकच असेल तर ते उंच काचेच्या भांड्यात भरून काही तास फ्रिजमध्ये स्थिर ठेवावे. वर फिकट पिवळसर निवळ जमा होते, ती अलगद ओतून टाकावी आणि तळाशी बसलेला दाट भाग वापरावा. याहूनही दाट हवे असल्यास चाळणीवर मलमलचे फडके अंथरून ताक फ्रिजमध्येच गाळत ठेवावे. वजन मात्र निवळ काढल्यानंतर करावे, कारण आधी मोजून नंतर गाळले तर मिश्रणातील प्रमाण बिघडते.

दुधात लिंबू किंवा व्हिनेगर पिळून झटपट ताक करण्याची युक्ती केकसाठी ठीक आहे, आइस्क्रीमसाठी नाही. त्या दुधाला आंबट धार येते, पण आंबवण्यातून येणारा दाटपणा आणि सुवास येत नाही. मीठ, जिरे किंवा मसाला घातलेले ताकही अर्थातच बाद समजावे. फार दिवसांचे, घशाला लागेल इतके आंबट ताक टाळावे. मोलॅसिसचा कडवटपणा आणि असा आंबटपणा एकमेकांना झाकत नाहीत, उलट दोन्ही अधिक टोचतात.

गरम मिश्रणात ताक ओतणे

या पाककृतीतील सर्वांत महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिचे कारण नीट समजून घ्यायला हवे. दुधातील केसिन हे प्रथिन आम्लता वाढू लागली की गोळा होते. सामान्य तापमानाला साधारण 4.6 पीएचच्या आसपास ते पूर्णपणे एकत्र येते. ताकात ही क्रिया आधीच घडून गेलेली असते, परंतु ती सावकाश घडल्यामुळे केसिनची मऊ, सलग जाळी बनते आणि ताक गुळगुळीत राहते. तेच ताक तापवले, किंवा वाफाळत्या क्रीममध्ये ओतले, की ती जाळी आकसते, पाणी बाहेर फेकले जाते आणि भांड्यात क्षणार्धात पांढरे कण व हिरवट पाणी वेगळे दिसू लागते. क्रीममधील केसिनही त्यात ओढले जाते, कारण तापमान जितके जास्त तितक्या कमी आम्लतेला ते फाटते. थंड अवस्थेत मात्र हेच दोन पदार्थ एकमेकांत निमूटपणे मिसळतात.

यावरून क्रम ठरतो. आधी क्रीम, साखर, मीठ आणि बलक यांचे कस्टर्ड मंद आचेवर, सतत ढवळत, 82 ते 84 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवावे. तापमापक नसेल तर लाकडी चमचा मिश्रणात बुडवून बाहेर काढावा आणि त्याच्या पाठीवर बोटाने आडवी रेघ ओढावी. रेघेच्या कडा ओघळून एकत्र आल्या नाहीत तर कस्टर्ड झाले असे समजावे. 85 अंशांच्या पुढे गेल्यास बलकाचे कण धरू लागतात. भांडे आचेवरून उतरवून कस्टर्ड लगेच बारीक गाळणीतून गाळावे, कोमट होऊ द्यावे, मग त्यात मोलॅसिस मिसळावे. संपूर्ण मिश्रण फ्रिजमध्ये गार झाल्यावरच फ्रिजमधून काढलेले थंड ताक थोडे थोडे घालून हलक्या हाताने फेटावे.

मोलॅसिस कोमट अवस्थेतच घालण्यास सांगण्याची दोन कारणे आहेत. ते स्वतः सौम्य आम्लधर्मी असून त्यात कॅल्शियमचे क्षारही असतात, त्यामुळे उकळत्या दुधात ते घातल्यास दूध फाटण्याचा धोका असतो. उलट ते थेट थंड ताकात ओतले तर काळी तार सरळ तळाशी जाऊन तेथेच चिकटून बसते, आणि कितीही ढवळले तरी भांड्याच्या कोपऱ्यात थर शिल्लक राहतो. कोमट कस्टर्डमध्ये ते काही क्षणांत विरघळते आणि रंग एकसारखा फिकट तपकिरी होतो.

मिश्रण फाटलेच, तर आधी कशामुळे फाटले ते पाहावे. कस्टर्ड जास्त तापल्याने बलकाचे बारीक कण झाले असतील तर भांडे लगेच थंड पाण्यात ठेवून मिश्रण गार करावे, मिक्सरमधून फिरवावे आणि गाळून घ्यावे. बहुतेक वेळा काम निभावते. आम्ल आणि उष्णता यांमुळे केसिनच फाटले असेल तर मात्र मिक्सरमधून काढल्याने ते केवळ वरवर एकजीव दिसते. गोठल्यावर त्याची रवाळ, कोरडी चव लपत नाही. असे मिश्रण आइस्क्रीमसाठी वापरू नये.

अंडे न वापरणाऱ्यांनी बलकाऐवजी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवून, उरलेल्या क्रीममध्ये उकळी येऊन दाट होईपर्यंत शिजवावे. येथेही ताक शेवटीच, कारण आम्लासोबत शिजवलेला स्टार्च आपला दाटपणा गमावतो.

मोलॅसिसचा प्रकार आणि प्रमाण चुकणे

उसाचा रस आटवून त्यातून साखरेचे स्फटिक काढून घेतले की उरतो तो दाट पाक म्हणजे मोलॅसिस. पहिल्या उकळीनंतरचे मोलॅसिस फिकट आणि गोड, दुसऱ्या उकळीनंतरचे गडद, आणि तिसऱ्या उकळीनंतरचे, ज्याला ब्लॅकस्ट्रॅप म्हणतात, ते काळेकुट्ट, कमी गोड आणि स्पष्ट कडू असते. आइस्क्रीमसाठी फिकट किंवा गडद प्रकार घ्यावा. ब्लॅकस्ट्रॅप अधिक पौष्टिक म्हणून पूर्ण प्रमाणात वापरण्याचा मोह होतो, पण त्यातील खनिजांचा धातूसारखा कडवटपणा ताकाच्या आंबटपणासोबत असह्य होतो. वापरायचेच असेल तर एकूण मोलॅसिसच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नये. बाटलीवर सल्फर डायऑक्साइड वापरल्याचा उल्लेख असेल तर ती बाटली टाळलेली बरी, कारण त्याचा उग्र वास मिश्रणात उतरतो. जनावरांच्या खाद्यासाठी विकले जाणारे मोलॅसिस खाण्यात वापरू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रमाणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मोलॅसिसमध्ये सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असतात, आणि या साध्या साखरा तितक्याच वजनाच्या सुक्रोजपेक्षा मिश्रणाचा गोठणबिंदू जवळपास दुपटीने खाली ओढतात. म्हणूनच चव वाढवण्यासाठी दोन-तीन मोठे चमचे मोलॅसिस जास्तीचे घातले की आइस्क्रीम उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्येही घट्ट होत नाही. एका मोठ्या चमच्यात साधारण 20 ग्रॅम मोलॅसिस बसते, तेव्हा वर दिलेले 80 ग्रॅम म्हणजे चार चमचे. यापुढे प्रत्येक चमच्यामागे साधी साखर सुमारे 15 ग्रॅम कमी करावी, आणि सहा चमच्यांच्या पुढे जाऊ नये. सैल राहिलेले आइस्क्रीम फ्रिजमध्ये वितळवून, त्यात साखर न घातलेले थोडे थंड क्रीम आणि ताक मिसळून पुन्हा फिरवले तर सुधारते. केवळ आणखी एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवून काहीही साध्य होत नाही.

चव ठळक हवी असेल तर माझ्या मते उत्तम मार्ग वेगळा आहे: मिश्रणात मोलॅसिस बेताचे ठेवावे आणि आइस्क्रीम यंत्रातून काढून डब्यात भरताना थरांमध्ये मोलॅसिसची बारीक धार सोडावी. ते फ्रीझरमध्ये दगडासारखे होत नाही, चमच्यासोबत लवचिक तार ओढली जाते, आणि पांढरट आइस्क्रीममध्ये ती काळी रेघ चवीलाही स्वतंत्र जाणवते. धार जाड पडली तर मात्र तेवढ्याच जागी आइस्क्रीम ओले राहते.

पुरेसे थंड न करता यंत्र सुरू करणे

कस्टर्ड झाकून किमान चार तास, शक्य तर रात्रभर, 4 अंशांच्या आसपास फ्रिजमध्ये ठेवावे. या काळात स्निग्धांश अंशतः घट्ट होतो, प्रथिने पाणी धरून ठेवतात आणि फिरवताना हवा अधिक चांगली सामावते. कोमट मिश्रण यंत्रात घातल्यास गोठण्यास फार वेळ लागतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि सतत घुसळल्याने लोण्याचे पिवळसर कणही सुटू लागतात. ज्या यंत्राचे भांडे आधी फ्रीझरमध्ये ठेवावे लागते, ते 16 ते 24 तास ठेवावे आणि वापरण्यापूर्वी कानाजवळ हलवून पाहावे. भिंतीत द्रव डुचमळल्याचा आवाज आला तर ते तयार नाही. भांडे दोन तृतीयांशांहून अधिक भरू नये.

गार मिश्रणाची चव घेताना ते थोडे जास्त गोड लागायला हवे, कारण गोठल्यावर गोडवा मंद वाटतो. मीठ वगळू नये. कडवटपणाला तेच आवर घालते.

फिरवणे साधारण 20 ते 30 मिनिटांत पूर्ण होते. पाते फिरताना मागे उमटणारा चर लगेच बुजत नाही, असे दिसले की यंत्र थांबवावे. यंत्र नसेल तर मिश्रण उथळ स्टीलच्या भांड्यात फ्रीझरमध्ये ठेवून दर अर्ध्या तासाने कडेचा गोठलेला भाग खरवडून मध्ये मिसळावा. पोत थोडा भरड येतो, पण चव तीच राहते. भांडी कोणत्याही टप्प्यावर अॅल्युमिनियमची किंवा कल्हई नसलेल्या तांब्याची घेऊ नयेत, आम्लामुळे त्यांना चव सुटते.

साठवताना होणारे नुकसान

तयार आइस्क्रीम आधीच गार करून ठेवलेल्या, उथळ डब्यात भरावे, पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर लावावा आणि डबा फ्रीझरच्या आत, मागच्या बाजूला ठेवावा. दाराजवळ तापमान सारखे वर-खाली होते; प्रत्येक वेळी थोडे वितळून पुन्हा गोठताना लहान कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात आणि पहिल्या दिवशी रेशमी असलेले आइस्क्रीम आठवड्याभरात खडबडीत होते. असे झाल्यास ते फ्रिजमध्ये पूर्ण वितळवून, फेटून, पुन्हा यंत्रातून काढता येते. खोलीच्या तापमानाला वितळून तास-दोन तास तसेच पडलेले आइस्क्रीम मात्र पुन्हा गोठवू नये, कारण त्यात दूध आणि अंडी आहेत आणि गोठवल्याने वाढलेले जंतू मरत नाहीत.