चकमकीची टोपीवर आणलेली स्प्रिंगफील्ड १८१६ बघायला जाताना

स्प्रिंगफील्ड १८१६ ही तोंडातून ठासायची जुनी अमेरिकन बंदूक. मुळात चकमकीच्या ठिणगीवर उडणारी, पुढे अनेक बंदुका स्फोटक टोपीवर उडतील अशा बदलल्या. तशी एखादी विकत घ्यायला निघालात तर पिशवीत आधी स्क्रूड्रायव्हर टाका, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा. लॉक, म्हणजे घोडा बसवलेली बाजूची यंत्रणा, काढून आतून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मोजपट्टी, भिंग, बारीक बॅटरी हे सांगायला नकोच. नळीहून लांब लाकडी काठी मात्र हवी, कारण ठासणीच्या जुन्या बंदुका आजही भरलेल्या सापडतात. काठी आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग बाहेरून नळीला लावून बघा. टोक निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या नळकांडीच्या, जागेपर्यंत पोहोचत नसेल तर आत काही भरलेलं असू शकतं, तिथेच थांबा.

नळी ४२ इंच, आतला व्यास ०.६९ इंच. आखूड भरली तर कापलेली. लॉकच्या पट्टीवर घोड्यापुढे गरुड आणि यूएस, मागे कारखान्याचं नाव आणि वर्ष.

आता बदल कुणी केला ते बघा. सरकारी शस्त्रागारांच्या कामात निपल थेट नळीच्या बुडात, वरच्या अंगाला, किंचित उजवीकडे असतो. बत्तीचं भोक (ठिणगीची आग नळीत नेणारं) बुजवलेलं, रंजकाची वाटी (पेटवायची दारू ठेवायची) काढून खाचेत पितळेचा तुकडा, घोडा नवा. बत्तीच्या भोकातच निपल धरणारा आट्यांचा गोल दंड बसवला असेल तर ते बहुधा खासगी कारागिराचं काम, भाव कमी. एच अँड पी छाप असेल तर अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या ह्यूज अँड फिलिप्सचं, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातलं.

मग लॉक काढाच. घोडा अर्धा चढवा, डावीकडचे दोन्ही स्क्रू चार-पाच आटे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर आलटूनपालटून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके ठोका. पट्टीखाली काही घालून उचकटलंत तर लाकडाची कड फुटलीच म्हणून समजा. ठिणगीच्या पातीची (चकमक जिच्यावर आपटायची ती) आणि तिच्या स्प्रिंगची बुजवलेली भोकं आतून दिसायला हवीत. बाहेरून ती घासून, गंजून दिसेनाशी होतात, म्हणून आतून बघा. आतही खूण नसेल तर पट्टीच बदललेली. विक्रेता ‘अस्सल चकमकी’ म्हणत असेल तर दुप्पट आग्रहाने काढा: चकमकीच्या बंदुकीला भाव जास्त, म्हणून टोपीवरच्या बंदुका पुन्हा चकमकीवर फिरवतात. आत वेल्डिंगचे डाग, ताजे आटे, नळीच्या बुडावर निपलच्या जागी गोल बुजवण दिसते. लॉक काढू देत नसेल तर निघा.

बाकी भरभर. दस्त्याच्या डाव्या बाजूला तपासनिसाचा शिक्का. पुसट असेल तर लाकूड घासलेलं. नळी लाकडाला धरणारी कडी तीन. ठासायचा गज मूळचा आहे का. गंजावर काचकागद नको, बार उडवणं तर नकोच. लॉक परत बसवण्याआधी आतल्या बाजूचा फोटो.