गाववाल्यांनो, अँब्युलन्सला परमिट लागत नाही

मी पाटण तालुक्यातून २००३ साली मुंबईला आलो. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की गावाकडून दोन-चार पोरं येतात आणि गावकीच्या खोलीत वळकट्या वाढतात. लोकलचा पास कुठून काढायचा, खानावळ कुठली बरी, हे त्यांना कुणीही सांगतं. मी पहिल्या रविवारी चहा झाला की अँब्युलन्सचा विषय काढतो. पोरं हसतात. ‘काका, अजून नोकरी लागायचीय, तुम्ही आत्ताच अँब्युलन्स बोलावताय.’ हसू देत.

मला हे वेड लागलं त्याला कारण तात्या. २००९ चा मे महिना, रात्री दीडचा सुमार. तात्या छाती चोळत उठून बसले, अंगाला घामाच्या धारा. खोलीत आम्ही नऊ जण, आणि एकालाही फोन कुणाला करायचा ते माहीत नव्हतं. आज सगळ्यांच्या तोंडी असलेली १०८ तेव्हा महाराष्ट्रात सुरूच झाली नव्हती. एक जण धावत जाऊन हॉस्पिटलबाहेर उभी असलेली एक खासगी व्हॅन घेऊन आला. काचेवर लाल अक्षरात ‘कार्डिअ‍ॅक’. आमच्या चाळीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, म्हणून तात्यांना चादरीत घालून चौघांनी खाली आणलं. आत ऑक्सिजनचा सिलिंडर होता, मास्कही होता. मीटरचा काटा मात्र शून्यावर. ड्रायव्हरने त्यावर दोनदा तळहात मारला, जणू जुना रेडिओच आहे. काटा हलला नाही. सोबतचा ‘अटेंडंट’ म्हणजे त्याचा भाचा, आठवड्यापूर्वीच गावाहून आलेला. आज माझ्यासमोर बसतात तशाच एखाद्या पोरासारखा. त्याचा काय दोष?

तात्या वाचले, कारण रस्ता मोकळा होता. नंतर मी तावातावाने विचारत सुटलो, याचं लायसन्स रद्द करायला कुठे जायचं? आरटीओबाहेर बसणाऱ्या ओळखीच्या एजंटाने शांतपणे विचारलं, ‘गाडीचे कागद आहेत ना? ड्रायव्हरचं लायसन्स आहे ना? मग रद्द काय करणार?’

यात खरी गोम आहे ती अशी. मुंबईत टॅक्सी चालवायची तर परमिट लागतं, रिक्षाला लागतं, शाळेच्या बसला लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये परमिटमधून सूट दिलेल्या वाहनांची यादी आहे, आणि पोलीस व अग्निशमनाच्या गाड्यांबरोबर अँब्युलन्सही त्यात बसते. हेतू चांगला. जीव वाचवायला निघालेल्या गाडीला कोणी परमिटवरून अडवू नये. पण त्याचा परिणाम असा की आरटीओ बघतं ते गाडीकडे: नोंदणी, फिटनेस, विमा. आत बसलेल्या माणसाला काय येतं, सिलिंडर भरलेला आहे का, हे त्या कागदांत येत नाही. आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेसाठी देशभर लागू असा एकच स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. म्हणून डोळे उघडे ठेवायचे ते आपणच.

तरी नियम अगदीच नाहीत असं नाही. २०१६ साली केंद्राने अँब्युलन्सची रचना ठरवणारं मानक अधिसूचित केलं, त्याचं नाव एआयएस-१२५. एप्रिल २०१८ पासूनच्या नव्या गाड्यांना ते लागू झालं. त्यात चार प्रकार आहेत. ‘ए’ म्हणजे डॉक्टर किंवा मदतनीस रुग्णापर्यंत लवकर पोहोचावा म्हणून. ‘बी’ म्हणजे नुसती ने-आण, ज्याची तब्येत वाटेत बिघडण्याची भीती नाही अशा रुग्णासाठी. डायलिसिस, प्लॅस्टर, डिस्चार्ज. ‘सी’ म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट, लोक बीएलएस म्हणतात. वाटेत श्वासाला आधार आणि साधी देखरेख लागणाऱ्या रुग्णासाठी. ‘डी’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड, एएलएस. व्हेंटिलेटर, मॉनिटर लागणाऱ्या रुग्णासाठी. हॉस्पिटलांच्या फाटकाबाहेर ज्या छोट्या व्हॅन रांगेने उभ्या दिसतात, त्यांतल्या कित्येक कामाच्या दृष्टीने ‘बी’च्याच, काचेवर काहीही रंगवलेलं असो. डिस्चार्ज घेऊन घरी जायचंय? खुशाल घ्या ती. छातीत कळ आलीय? तर पहिला प्रश्न: ‘बीएलएस की एएलएस? सोबत कोण येणार?’ याचं उत्तर अडखळत आलं तर पुढचा नंबर लावा.

फोनमध्ये सरकारचं एमपरिवहन अ‍ॅप ठेवा. गाडीचा नंबर टाकला की वाहनाचा वर्ग आणि फिटनेसची तारीख दिसते. वर्गाच्या जागी अँब्युलन्स नसून भलतंच काही असेल, तर ती फक्त पांढरा रंग मारलेली व्हॅन आहे. अर्थात माणूस तळमळत असताना कोणी अ‍ॅप उघडत बसत नाही. म्हणून हे सुट्टीच्या दिवशी करायचं: आपल्या भागातल्या दोन-तीन खासगी गाड्या आधीच बघून ठेवायच्या, ड्रायव्हरशी बोलायचं, दार उघडून सिलिंडरचा काटा बघायचा. बरा माणूस दाखवतो. जो चिडतो त्याचा नंबर सेव्ह करू नका.

आता १०८. राज्य सरकारची ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. २३३ अ‍ॅडव्हान्स्ड, ७०४ बेसिक. पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो, हे तिचं मोठेपण. २०१७ पासून मुंबईत मोटरसायकलवरची अँब्युलन्सही आली. आमच्यासारख्या गल्ल्यांत आधी ती पोहोचते. गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायचं असेल तर १०२. पोलीसही हवे असतील तर ११२.

पण १०८ ला फोन लावणं ही एक कला आहे, आणि नवी माणसं इथेच चुकतात. फोन उचलणारा माणूस मुंबईत नसतो. कंट्रोल रूम पुण्याला, औंधला आहे. ‘मारुतीच्या देवळाजवळ’ म्हटलं तर त्याने कोणता मारुती शोधायचा? आधी स्टेशनचं नाव, लगेच पूर्व की पश्चिम. गावाकडून आलेल्याला हे क्षुल्लक वाटतं. रूळ ओलांडायला गाडीला पूल शोधावा लागतो आणि घाटकोपरसारख्या ठिकाणी त्यात वीस मिनिटं सहज जातात. मग रस्त्याचं नाव, जवळची शाळा किंवा बस स्टॉप, चाळीचा नंबर, मजला. रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास कसा चाललाय. फोन ठेवायची घाई करू नका, आणि एका पोराला मोबाइलची बॅटरी लावून नाक्यावर उभं करा. १०८ बहुतेक वेळा जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलला नेते: परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी. तिथे कॉट मिळायला हाल होतात हे खरं, पण कॅज्युअल्टीत आलेलं माणूस तिथल्या डॉक्टरांनी जितकं पाहिलंय तितकं भल्याभल्या पंचतारांकित ठिकाणीही पाहिलेलं नसतं. हे माझं मत, वाद घालायला खोलीवर या.

खासगी गाडीचं भाडं ठरवायचा अधिकार परिवहन प्राधिकरणाला आहे, आणि २०२० मध्ये कोरोनात लूट सुरू झाली तेव्हा सरकारला त्यात उतरावंच लागलं. दरपत्रक विचारा. किती किलोमीटरपर्यंत मूळ भाडं, पुढे किलोमीटरला किती, थांबण्याचे किती, परतीचे धरणार का, हे गाडी हलायच्या आत बोलून घ्या आणि पावती मागा. जादा घेतले तर पावती आणि गाडीचा नंबर घेऊन आरटीओत लेखी तक्रार करता येते. नंबर प्लेटवर एमएच ०१ असेल तर ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. तक्रार करताना रागाचं निबंधलेखन नको. तारीख, वेळ, कुठून कुठे, किती घेतले. चार ओळी.

हॉस्पिटलचं मात्र वेगळं आहे, तिथे नोंदणी सक्तीची आहे. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आपल्याकडे आजही चालतो. मुंबईत ही नोंदणी महापालिका करते, वॉर्ड ऑफिसमधल्या आरोग्य अधिकाऱ्यामार्फत. प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही लावायला सांगितली आहे. ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणून कोणी जखमी माणसाला दारात थांबवू लागला, तर घाबरू नका: आधी जीव वाचवायचे उपचार, ही जबाबदारी सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांवर टाकली आहे. सनदेकडे बोट दाखवून शांतपणे बोला. आवाज चढवलात तर सिक्युरिटीवाला येतो आणि विषय भलतीकडे जातो.

अपघात बघून पळून जाऊ नका, हेही सांगायला हवं, कारण पोलिसांच्या लफड्याची भीती आपण गावाहून बांधून आणलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीने वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. त्याच दुरुस्तीत अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

आणि एक गोष्ट, जी पोरांना सांगताना माझा आवाज बसतो. १०८ मृतदेह नेत नाही. कोणाला रात्रीतून गावी न्यायची वेळ आली तर खासगी गाडीच बघावी लागते, आणि रडणाऱ्या माणसाशी भाव करणं सर्वांत सोपं असतं. अशा वेळी घरच्यांपैकी कोणाला पुढे करू नका. गावकीतला एक डोकं शांत असलेला माणूस आधीच ठरवून ठेवा. आमच्या खोलीत तो मी आहे. माझा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलाय, त्याच्याखाली १०८, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: ‘पश्चिम. पूर्व नाही.’