जुन्या इंग्लिश चेंबर ऑर्गनला हात लावताना

वडील हार्मोनियम दुरुस्त करायचे, त्यामुळे भात्याचं कातडं माझ्या ओळखीचं. इंग्लंडात चेंबर ऑर्गनच्या कामाला लागलो तेव्हा तीच ओळख कामी आली. भात्याच्या वाऱ्याने नळ्या वाजवणारं हे घरगुती वाद्य कपाटाएवढं, बरेचदा महॉगनीचं. समोरच्या सोनेरी नळ्या पुष्कळदा नुसत्या शोभेच्या. बोलणाऱ्या नळ्या आत, काही लाकडी, काही शिसं-कथलाच्या. 18व्या शतकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत यांची चलती होती. संगीतकार हँडलने 1750च्या मृत्युपत्रात आपला छोटा घरगुती ऑर्गन कुणाला द्यायचा ते लिहून ठेवलंय. या ऑर्गनांसाठी नावाजलेला जॉन स्नेट्झलर मुळात स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेनचा, जन्म 1710चा.

आधी फोटो काढा, प्रत्येक नळीची जागा कागदावर उतरवा. आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असू शकते, म्हणून ओला फडका फिरवू नका. धातूच्या नळ्यांत शिसं असतं, हातमोजे घाला.

आता भाता. खरा वेळ इथे द्या, कारण वारा गळत असेल तर पुढचं सगळं फुकट. भात्यावरची वजनं उचलण्याआधी तोलून लिहून ठेवा. त्यांच्यावरच वाऱ्याचा दाब ठरतो. पारदर्शक नळी इंग्रजी यूसारखी वाकवून पाणी भरा, एक टोक वाऱ्याला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण दोन इंचांचा फरक दिसावा. जुनं कातडं कोमट ओल्या फडक्याने सैल करून बोथट सुरीने सोडवा. मला घड्यांच्या आत लिहिलेले जुने कागद सापडलेत. ते जपून ठेवा. नवं कातडं मेंढीचं, कडा तासून पातळ केलेलं. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून 60 अंशांपर्यंत तापवा. उकळला की त्याचा जोर जातो. फेविकॉलच्या जातीचा पांढरा गोंद अजिबात नको. सरस पुढच्या कारागिराला ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो, तो गोंद सोडवता येत नाही.

एक पट्टी दाबल्यावर शेजारची नळी बारीक कण्हत असेल, तर नळ्यांखालची वाऱ्याची पेटी हीटरच्या कोरड्या हवेने तडकली असण्याची शक्यता मोठी. फटीत त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप सरसाने बसवा. खोलीतली आर्द्रता 50 ते 60 टक्के ठेवा.

सूर अगदी शेवटी. हाताच्या उबेनेही नळीचा सूर चढतो, तेव्हा धरल्यावर थोडं थांबा. आजच्या पट्टीत आणायला नळ्या कापू नका. कित्येक ऑर्गन तसे कापले गेलेत आणि त्यांचा मूळ सूर कायमचा गेला. न कापलेल्या नळ्या असतील तर सी आणि ई, म्हणजे सा आणि गंधार, एकत्र वाजवून ऐका. हार्मोनियमचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर). जुन्या जुळवणीतला गंधार मात्र तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या त्या गंधाराच्या अगदी जवळ जातो. ए-फ्लॅटला सा धरून वाजवलंत तर मात्र कानाला टोचेल. तो बिघाड नाही, नळ्यांना हात लावू नका.