रात्री दोनला उठून खेळणारं पोर

पोर रात्री दोनला टक्क जागं होतं, रडत नाही, दीड-दोन तास खेळतं आणि पहाटे परत झोपतं. ही बहुतेक वेळा भूक नसते, झोपेचा हिशेब चुकलेला असतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला 11 ते 14 तास झोप लागते. समजा गरज 12 तासांची आहे. दुपारी तीन तास झोपलं आणि रात्री आठ ते सकाळी सात अंथरुणात ठेवलं, तर झाले 14. जास्तीचे दोन तास ते मध्यरात्री जागून काढतं.

तीन-चार दिवस झोपेच्या वेळा कागदावर मांडा. मग सकाळी उठवायची वेळ पक्की करा, रात्र कितीही वाईट गेली तरी. इथेच घोडं पेंड खातं. आजी म्हणते, झोपू दे की लेकराला! दुपारची झोप रोज 15 मिनिटं कमी करत दीड तासावर आणा आणि तीनच्या आत उठवा. रंकाळ्यावरून परतताना गाडीवर पुढं बसून काढलेली दहा मिनिटांची डुलकीसुद्धा रात्री झोप लागायला उशीर करते. फेरी लवकर उरका.

जाग आलीच तर दिवा, मोबाईल, गप्पा नकोत. दुधाची बाटलीही नको, दात किडतात. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे धरा.

घोरणं, तोंडाने श्वास, सारखे पाय झाडणं किंवा शीच्या जागी रात्री खाज असेल तर नुसतं वेळापत्रक पुरत नाही. ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी), लोहाची कमतरता, जंत हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.