विमान उतरताना डोके ठणकत असेल तर काय करावे

नागपूरहून मुंबईला विमान सुमारे दीड तासात पोहोचते, परंतु काही प्रवाशांना त्यातला शेवटचा अर्धा तास नकोसा होतो. विमान खाली येऊ लागले की भुवईच्या वर किंवा डोळ्याच्या मागे, बहुधा एकाच बाजूला, टोचणारी तीव्र कळ उठते, आणि सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत ती ओसरलेलीही असते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीत या दुखण्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यामुळे हे मनाचे खेळ आहेत, असे कोणी म्हटले तरी ते मनावर घेऊ नये.

आधी दुखणे ओळखावे

विमान कितीही उंच गेले तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपट, राखलेला असतो. विमान चढताना कपाळाच्या आणि गालांच्या हाडांतील पोकळ्यांमधली, म्हणजे सायनसमधली हवा प्रसरण पावते आणि नाकावाटे सहज निघून जाते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत असतो आणि तेवढी हवा पुन्हा आत शिरावी लागते. सर्दीने किंवा ॲलर्जीने सायनसची अरुंद तोंडे सुजलेली असली, की ती शिरत नाही, आत दाब कमी पडतो आणि अस्तर ओढले जाऊन वेदना होते. विमान उंचावर असताना रिकाम्या बाटलीला घट्ट झाकण लावले, तर उतरल्यावर ती चेपलेली दिसते, ती याच कारणाने. हाडाची पोकळी चेपत नाही, म्हणून सारा ताण अस्तरावर येतो.

हे दुखणे उतरण्याच्या सुमारास सुरू होऊन विमान उतरल्यावर अर्ध्या तासात शमत असेल, तर कारण बहुधा हेच. दुखणे चार-चार तास टिकत असेल, मळमळ होत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर तो अर्धशिशीचा झटका असण्याची शक्यता अधिक. त्याला हवेच्या दाबापेक्षा जागरण, उपाशी पोट आणि चुकलेला चहा जास्त कारणीभूत असतात. पहाटेच्या विमानासाठी तीन वाजता उठून, काहीही न खाता सोनेगावचा विमानतळ गाठणाऱ्यांनी हा फरक विशेष लक्षात घ्यावा.

निघण्यापूर्वीची तयारी

सर्दी भरात असेल किंवा सायनसचा संसर्ग असेल, तर शक्य असल्यास तिकीट पुढे ढकलावे. पुढचे सारे उपाय त्यानंतरचे आहेत. उन्हाळ्यात रात्रभर कूलरच्या झोतासमोर झोपून सकाळी नाक चोंदलेले असते, हा नागपूरकरांचा नेहमीचा अनुभव आहे, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री कूलरचे तोंड दुसरीकडे वळवलेले बरे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते, आणि विमानातील हवा तर फारच कोरडी असते. तेव्हा निघण्याच्या आधीपासूनच पाणी पीत राहावे. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची सवय असेल तर ते अवश्य करावे, मात्र पाणी उकळून कोमट केलेले असावे.

नेहमी त्रास होणाऱ्यांना डॉक्टर दोन प्रकारची औषधे सुचवतात: प्रवासाआधी घ्यायची नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामक गोळी, आणि ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेला नाकाचा स्प्रे. मुंबईचे विमान दीडच तासाचे असल्यामुळे स्प्रेची वेळ साधायला अवघड नाही; उतरण्याच्या साधारण तासभर आधी, म्हणजे खाली येण्याची सुरुवात होण्यापूर्वी, तो मारावा. कळ सुरू झाल्यावर मारला तर फार उशीर झालेला असतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी स्प्रे, आणि जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा असणाऱ्यांनी व गर्भवतींनी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्प्रे सलग काही दिवसांपेक्षा जास्त वापरला, तर नाक उलट अधिकच चोंदते.

विमान उतरू लागल्यावर

या वेळी झोपू नये, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते. सरळ बसून चघळायला गोड गोळी घ्यावी, जांभया द्याव्यात, घोट घोट पाणी प्यावे. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा नाकाकडे ढकलावी. जोर मुळीच लावू नये, आणि नाक पूर्ण चोंदलेले असेल तर हा प्रयोग करूच नये. कळ आलीच, तर भुवईच्या आतल्या टोकाजवळ, नाकाच्या मुळाशी, अंगठ्याने दाबून धरल्याने अनेकांना थोडा उतार पडतो. तान्ह्या बाळाला याच वेळी दूध पाजावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

विजेचा झटका बसावा तशी अचानक आलेली असह्य डोकेदुखी, बोलताना अडखळणे, हातापायातील ताकद जाणे, दिसेनासे होणे किंवा तापासह मान आखडणे, यांपैकी काहीही झाले तर विमानातच कर्मचाऱ्यांना सांगावे आणि उतरल्यावर थेट रुग्णालय गाठावे. एरवी हा त्रास दर प्रवासात होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नागपुरात मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी हा विभाग आहे. जाताना कळ कोणत्या बाजूला आली, विमान चढताना की उतरताना आली आणि किती मिनिटे टिकली, हे लिहून न्यावे. सायनसचा स्कॅन करावा की मेंदूची तपासणी, हे ठरवताना डॉक्टरांना या नोंदींचा उपयोग होतो.