प्राथमिक वर्गातील मुलांना बोधांकांचा क्रम लावायला शिकवताना

ग्रंथालयातील पुस्तकाच्या कण्यावर, खालच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर जे आकडे आणि अक्षरे असतात, त्यांना मिळून बोधांक म्हणतात. वरच्या ओळीतला वर्गांक पुस्तकाचा विषय सांगतो आणि खालची अक्षरे बहुधा लेखकाच्या आडनावाची असतात. तिसरी-चौथीच्या मुलांना हा क्रम शिकवताना शिक्षकांचा बराच वेळ अक्षरांवर जातो; प्रत्यक्षात मुले अडतात ती दशांशचिन्हाच्या उजवीकडे. त्यामुळे सर्वाधिक वेळ तिथेच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

सरावासाठी जाड कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर आपल्याच ग्रंथालयातील पुस्तकांचे बोधांक लिहावेत. मनाने रचलेले आकडे वापरू नयेत, कारण खरा बोधांक असला की क्रम लावून झाल्यावर मूल कपाटाशी जाऊन ते पुस्तक शोधू शकते आणि आपण लावलेला क्रम बरोबर होता की नाही, याचा पडताळा त्याला स्वतःलाच मिळतो. एका गटाला सुरुवातीला पाच-सहा पट्ट्या पुरेत. सगळ्या एकदम पसरून 'लावा' असे सांगू नये. आधी दोनच पट्ट्या द्याव्यात, त्यांचा क्रम ठरला की तिसरी द्यावी आणि ती कुठे बसते, हे मुलाला सांगायला लावावे. अशी एकेक पट्टी वाढवत गेल्यास प्रत्येक वेळी दोनच बोधांकांची तुलना करावी लागते आणि गोंधळ पुष्कळ कमी होतो.

पूर्णांकांचा टप्पा लवकर संपतो. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात ज्ञानाचे ००० पासून ९०० पर्यंत दहा मुख्य वर्ग आहेत आणि वर्गांकात दशांशचिन्हाच्या आधी नेहमी तीन आकडे असतात. ००४ किंवा ०३२ अशा आरंभी शून्य असलेल्या वर्गांकांशी मुलांची ओळख तेवढी मुद्दाम करून द्यावी. ते शून्य गाळायचे नसते.

आता दशांशाकडे वळू. या वयातील अनेक मुलांना गणितात दशांश अपूर्णांक अजून आलेले नसतात, आणि ते आधी शिकवलेच पाहिजेत असे नाही. नियम एकच सांगावा: डावीकडून उजवीकडे एकेक आकडा पाहत जायचे, पहिला वेगळा आकडा आला की तिथे थांबायचे, आणि ज्याचा आकडा लहान ती पट्टी आधी ठेवायची. वर्गांक मोठ्याने वाचतानाही 'पाच नऊ नऊ, टिंब, सात पाच' असाच वाचावा. 'टिंब पंच्याहत्तर' म्हटले की पंच्याहत्तर आठापेक्षा मोठे असल्याचे मुलाला आठवते आणि ते ५९९.८ ला ५९९.७५ च्या आधी ठेवते. चौकटींच्या कागदावर एका चौकटीत एक आकडा, आणि टिंबाखाली टिंब, असे वर्गांक लिहून घेतल्यास हा नियम डोळ्यांना दिसतो. एका वर्गांकाचे आकडे संपले आणि दुसऱ्याचे उरले, तर संपलेला आधी येतो: ५९९ नंतर ५९९.६७.

पुढील पाच पट्ट्या मुद्दाम निवडल्या आहेत: ५९९.८, ५९९.७५७, ५९९, ५९९.७५ आणि ५९९.६७. योग्य क्रम ५९९, ५९९.६७, ५९९.७५, ५९९.७५७, ५९९.८ असा आहे. ज्या मुलाने ५९९.८ हा ५९९.६७ च्या आधी ठेवला, ते टिंबानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचत आहे. ज्याने ५९९.७५७ हा ५९९.६७ च्याही आधी ठेवला, त्याने 'जितके आकडे जास्त तितकी किंमत कमी' अशी उलट समजूत करून घेतली आहे. दोन्ही चुकांवर उपाय एकच, पुन्हा चौकटींचा कागद. मात्र कोणती चूक होते आहे, हे कळल्याशिवाय नुसते 'चुकले, परत लाव' म्हणण्याने काही साधत नाही.

याच पाच पट्ट्यांवरून क्रमाचा अर्थही सांगता येतो, आणि तो अवश्य सांगावा. ५९९ म्हणजे सस्तन प्राणी, ५९९.६७ म्हणजे हत्ती, ५९९.७५ म्हणजे मार्जारकुळ, ५९९.७५७ म्हणजे सिंह आणि ५९९.८ म्हणजे माकडे व वानर. सिंहाचे पुस्तक त्याच्या कुळाच्या पुस्तकांनंतर लगेच येते आणि ५९९.७५६ हा वाघ त्याच्या अलीकडे बसतो, हे समजले की मुलांना आकडे लांबत का जातात, तेही समजते: आकडा वाढला की विषय अधिक नेमका होतो.

वर्गांक अगदी सारखे असतील तेव्हाच खालच्या अक्षरांकडे पाहायचे. अक्षरे आधी नजरेत भरतात म्हणून काही मुले त्यांच्यापासूनच सुरुवात करतात. अशा वेळी खालची ओळ बोटाने झाकायला सांगावी. देवनागरी अक्षरांसाठी बाराखडी उपयोगी पडते: 'कद', 'काळ', 'कुल' हा क्रम काना-मात्रेवरून ठरतो, आणि 'प्रभ' सारखे जोडाक्षर 'प' च्या बाराखडीनंतर येते. क्ष, ज्ञ आणि अनुस्वार यांच्या जागेबाबत सर्वत्र एकच पद्धत नाही, म्हणून आपल्या ग्रंथालयात कोणती पाळतात, हे ग्रंथपालांना विचारून तीच शिकवावी.

शेवटी मुलांना कपाटाशी न्यावे. एका कपाटातली वरची फळी संपली की क्रम त्याच कपाटाच्या खालच्या फळीवर जातो, शेजारच्या कपाटाच्या वरच्या फळीवर नाही. हे सांगितल्याशिवाय मुलांच्या लक्षात येत नाही. मग एका फळीवरची दोन पुस्तके आपण मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून ती जोडीने शोधायला द्यावीत. एकाने बोधांक एकेक आकडा करून वाचावा, दुसऱ्याने मागच्या पुस्तकाशी ताडून पाहावा आणि फळी संपल्यावर कामांची अदलाबदल करावी. चुकीचे पुस्तक सापडले की ते कुठे हवे, हे दोघांनी आधी तोंडी सांगावे आणि मगच हलवावे.